पानपिंपरी आणि मात्रेचें ज्ञान

वर्‍हाडांतील पिकें कोणतीं, असा प्रश्न आमच्या कोणत्याहि विद्यार्थ्यास विचारला, तर तो कापूस, ज्वारी, तूर, हरभरा, संत्रीं अशीं नांवें भराभर सांगेल. सोयाबीन व केळी हीं अलीकडचीं नांवेंहि तो विसरणार नाहीं. परंतु या यादींत पानपिंपरीचें नांव क्वचितच ऐकूं येतें. तेल्हारा, अकोट, अंजनगांव-सुर्जी आणि पलीकडे बुलढाणा जिल्ह्यांतील संग्रामपूर व जळगांव-जामोद या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यांत हें पीक पिढ्यान्‌पिढ्या होत आलें आहे; एवढेंच नव्हे, तर महाराष्ट्रांत पिंपरीची लागवड म्हटली म्हणजे मुख्यतः याच पट्ट्याचें नांव घेतलें जातें. ज्याच्या घरचीं माणसें मळ्यांत पिंपरी तोडतात व अंगणांत वाळत घालतात, तोच मुलगा शाळेंत वर्‍हाडच्या पिकांची यादी लिहितांना तिला गाळतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या विसराचें कारण काय असावें? पिंपरीविषयीं आपल्या घरांत श्रद्धा पुष्कळ आहे आणि मळ्यांत अनुभवहि पुष्कळ आहे. आजी मधांतून चाटण देते; बाप वेलाचा रंग पाहून पाण्याची पाळी ठरवितो. उणीव आहे ती एकाच गोष्टीची. या वेलीविषयीं आपण जें जाणतों तें मोजून जाणत नाहीं. तिच्यांत कोणता पदार्थ आहे, किती आहे, तो शरीरांत जाऊन काय करितो, किती झाला म्हणजे अपाय करितो, हे प्रश्न आपण दुसर्‍यांवर सोंपविले आहेत. आम्हांस या लेखांत एवढेंच मांडावयाचें आहे कीं, पिंपरीची मात्रा जाणणें हें येथील शाळेचें, घराचें आणि मळ्याचें समाईक काम आहे. तें केल्यावांचून शेतकर्‍यास आपल्या मालाविषयीं खात्रीनें बोलतां येणार नाहीं आणि आजार्‍याचें हितहि होणार नाहीं.

प्रथम वेलीची ओळख करून घेऊं. मळ्यांत जिला पानपिंपरी म्हणतात, तिलाच काष्ठौषधींच्या दुकानांत लेंडीपिंपळी आणि वैद्यकग्रंथांत पिप्पली असें नांव आहे. पारावरच्या पिंपळाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. तिचीं जवळचीं भावंडें म्हणजे विड्याच्या पानाची नागवेल आणि काळ्या मिर्‍यांची वेल. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं तिला पायपर लाँगम असें शास्त्रीय नांव दिलें. तिचें पान पाहतांच नागवेलीची आठवण होते, म्हणून पानपिंपरी हें आपल्याकडील नांव तिला शोभतें. फूल मात्र शोधावें लागतें. त्यास पाकळी नाहीं आणि डोळ्यांत भरेल असा रंगहि नाहीं. अतिशय बारीक फुलें एका लहानशा दांड्याभोवतीं दाटीनें बसलेलीं असतात, आणि पुढें तो सबंध दांडाच फळांनीं भरून घट्ट होतो. हीच आपली पिंपरी. नर आणि मादी फुलें निरनिराळ्या वेलींवर येतात. औषधांत घेतात तीं मादी वेलीचीं फळें. वेलीचें मूळ पिंपळमूळ या नांवानें वेगळें विकलें जातें.

ही वेल हट्टी आहे. तिला ओलावा पाहिजे, पण मुळाशीं सांचलेलें पाणी तिला सोसत नाहीं. ऊन पाहिजे, पण तें सावलींतून गाळून आलेलें. म्हणून शेवरी, हादगा, पांगरा यांसारख्या झाडांच्या आधारानें व छायेनें तिला वाढवितात. आपल्या तालुक्याचा भूगोल ज्यानें पाहिला आहे त्यास हें पीक येथेंच कां टिकलें याचें उत्तर सहज मिळेल. दक्षिणेस पूर्णा नदीकडे खारपाणपट्टा पसरला आहे; तेथील विहिरींचें पाणी पिण्यास नको आणि मळ्यासहि नको. उत्तरेस सातपुड्याच्या कुशीला मात्र गोडें पाणी आणि निचर्‍याची जमीन आहे. त्या पट्टींत पानमळे करणार्‍या कुटुंबांनीं, विशेषतः बारी समाजानें, नागवेलीबरोबर पिंपरीहि जतन केली. फळ पुरतें भरलें, पण पिकलें नाहीं, अशा वेळीं तें तोडावें लागतें. पिकूं दिल्यास तिखटपणा उतरतो. ही वेळ ओळखणें हेंहि एक मापच आहे. तें त्यांच्या बोटांत व डोळ्यांत आहे, कागदावर नाहीं, एवढाच फरक.

आतां या वेलीच्या जुन्या वैभवाकडे पाहूं. पिप्पली या संस्कृत शब्दावरूनच ग्रीक लोकांचा पेपेरी, रोमन लोकांचा पायपर आणि इंग्रजांचा पेपर हे शब्द आले. आज इंग्रजींत त्या शब्दानें काळें मिरें समजतात, पण शब्दाचें मूळ आपल्या पिंपळीचें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी या रोमन ग्रंथकारानें मसाल्यांचे दर नोंदून ठेविले. काळ्या मिर्‍यांस एका पौंडास ४ दिनार, पांढर्‍या मिर्‍यांस ७ दिनार आणि लांब मिर्‍यांस, म्हणजे पिंपळीस, १५ दिनार. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत मजुराची एका दिवसाची मजुरी एक दिनार ठरली होती, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तेव्हां अर्धा शेरहि न भरणार्‍या पिंपळीसाठीं एका मजुराची पंधरा दिवसांची कमाई द्यावी लागे. परंतु हें वैभव टिकलें नाहीं. काळीं मिरीं स्वस्त व मुबलक झालीं, मागाहून अमेरिकेंतील मिरची जगभर पसरली, आणि युरोपच्या स्वयंपाकघरांतून पिंपळी जवळजवळ नाहींशी झाली. केवळ जुन्या थोरवीवर कोणत्याहि वस्तूचा मान कायम राहत नाहीं, हा धडा यांतून घेण्यासारखा आहे.

पिंपळीचा मान नव्यानें उभा राहिला तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी ओर्स्टेड या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाचें नांव शिकतात. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हें त्यानें १८२० सालीं जगास दाखविलें. त्याच ओर्स्टेडनें त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १८१९ सालीं, मिर्‍यांतून एक पिवळसर स्फटिकरूप पदार्थ वेगळा काढला होता, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. त्या पदार्थास पायपरीन म्हणतात, आणि तोच आपल्या पिंपरींतहि असतो. वीज शिकविणारा ओर्स्टेड मुलांस परका वाटतो. पण त्यानें ज्याचा शोध लाविला तो पदार्थ कित्येकांच्या अंगणांत उन्हांत वाळत पडलेला असतो. शिक्षणाचा आणि घराचा सांधा जोडावयाचा तो असा.

पायपरीनच्या एका रेणूंत कार्बनचे १७, हायड्रोजनचे १९, ऑक्सिजनचे ३ आणि नायट्रोजनचा १ असे परमाणु असतात. तें पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, मद्यार्कांत विरघळतें. जिभेवर ठेवल्यास आरंभीं चव लागत नाहीं आणि मग हळूहळू आग होऊं लागते. पिंपरी चावून पाहिलेल्यास हा अनुभव आहेच. काळ्या मिर्‍यांत पायपरीनचें प्रमाण साधारणपणें शेंकडा ५ ते ९ असतें. पिंपळींत तें बहुधा त्याहून कमी असतें. हें सत्य आपण निःशंकपणें मान्य केलें पाहिजे. आपल्या गांवची वस्तु म्हणून तिच्यांत सर्व कांहीं सर्वांहून अधिक आहे असें म्हणणें ही मुलांस शिकविण्यासारखी गोष्ट नव्हे. पिंपळींत पायपरीनखेरीज पायपरलाँग्युमीन नांवाचा दुसरा पदार्थ आहे, उडून जाणारें सुवासिक तेल आहे, आणि आणखीहि अनेक द्रव्यें आहेत. वैद्य पिंपळीच मागतो व तिच्या जागीं मिरें घेत नाहीं, याचें कारण या एकूण मेळांत शोधावें लागेल.

कोणी म्हणेल कीं, मोजमाप ही पाश्चात्यांची दृष्टि आहे. आमच्या पूर्वजांस तिची गरज नव्हती. आमच्या मतें हें म्हणणें पूर्वजांवरच अन्याय करणारें आहे. चरकसंहितेंत पिप्पलीचा एक प्रसिद्ध प्रयोग सांगितला आहे. पहिल्या दिवशीं दहा पिंपळ्या, दुसर्‍या दिवशीं वीस, असें वाढवीत दहाव्या दिवशीं शंभरावर जावयाचें आणि मग त्याच क्रमानें दहा-दहा कमी करीत खालीं उतरावयाचें. विद्यार्थ्यांनीं ही श्रेढी मांडून पाहावी: चढतांना ५५०, उतरतांना ४५०, एकूणीस दिवसांत बरोबर १००० पिंपळ्या होतात. शिवाय दहांचें हें मान बलवान् मनुष्यासाठीं. मध्यम बळाच्या मनुष्यासाठीं सहांचें आणि दुर्बळासाठीं तिहींचें. यास गणित म्हणावयाचें नाहीं तर काय? (हा प्रयोग वैद्याच्या देखरेखीखालीं करावयाचा असतो, कोणीहि घरीं करून पाहूं नये, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे.) आणि त्याच चरकसंहितेंत दुसर्‍या ठिकाणीं स्पष्ट बजाविलें आहे कीं, पिप्पली, क्षार आणि मीठ या तीन वस्तूंचा अतिरेक करूं नये. ज्या ग्रंथानें पिंपळीचा एवढा गौरव केला, त्यानेंच तिची मर्यादाहि सांगितली. आपण गौरव तेवढा लक्षांत ठेविला.

ही मर्यादा किती अर्थपूर्ण होती, तें आतां प्रयोगांनीं दिसून आलें आहे. आयुर्वेदांत सुंठ, मिरें व पिंपळी यांस त्रिकटु म्हणतात, आणि तें असंख्य औषधांत घालतात. तें इतक्या वेळां कां घालावें, असा प्रश्न जम्मू येथील प्रादेशिक संशोधनशाळेंतील शास्त्रज्ञांनीं डॉ. अटल यांच्या मार्गदर्शनाखालीं १९७९ सालाच्या सुमारास हातीं घेतला. त्यांस असें आढळलें कीं, पायपरीन बरोबर दिल्यास कित्येक औषधें रक्तांत अधिक प्रमाणांत पोहोंचतात. पुढें याच संशोधनाच्या आधारावर क्षयरोगावरील एक औषध तयार झालें व २००९ सालीं तें बाजारांत आलें. एरवीं जेथें रिफाम्पिसिन या औषधाची मात्रा ४५० मिलिग्रॅम द्यावी लागे, तेथें १० मिलिग्रॅम पायपरीनच्या जोडीनें २०० मिलिग्रॅमवर काम भागावें, अशी त्यांत योजना होती. बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रयोगहि असाच बोलका आहे. तेथें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधाप्रमाणें, हळदींतील कर्क्युमिन हें द्रव्य २ ग्रॅम घेतलें असतां रक्तांत फारच थोडें सांपडे. त्याबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन देतांच तें सुमारें वीसपट झालें.

हें कसें घडतें, तें सोप्या शब्दांत असें. बाहेरून आलेल्या परक्या पदार्थाची मोडतोड करून तो शरीराबाहेर घालविण्यासाठीं आपल्या आंतड्यांच्या अस्तरांत व यकृतांत कांहीं द्रव्यें पहारा करीत असतात. पायपरीन या पहारेकर्‍यांस मंदावतें. मग औषध अडविलें न जातां पुढें जातें व अधिक काळ टिकतें. परंतु पहारेकरी मंदावला म्हणजे आंत शिरणार्‍या सर्वांचीच सोय होते. आपल्याला हवें तें तेवढेंच आंत येईल, असा भरंवसा राहत नाहीं. फेफर्‍यावरील फेनिटोइन, दम्यावरील थिओफिलिन आणि हृदयविकारावरील प्रोप्रॅनोलॉल या औषधांचें रक्तांतील प्रमाणहि पायपरीननें वाढतें, असें निरोगी माणसांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. यांतील पहिलीं दोन तर अशीं आहेत कीं, त्यांची योग्य मात्रा व अपायकारक मात्रा यांत फार थोडें अंतर असतें. फेनिटोइन वाढलें तर तोल जातो, डोकें भ्रमतें. थिओफिलिन वाढलें तर ओकार्‍या होतात, छाती धडधडते, झटकेहि येऊं शकतात.

म्हणून पालकांस आमची कळकळीची विनंती आहे. २०२० सालीं करोनाच्या सांथींत घरोघर काढे उकळले गेले. सुंठ, मिरें, दालचिनी, पिंपळी यांचा सुकाळ झाला. भीतीच्या त्या दिवसांत मनुष्यानें हाताशीं असेल त्याचा आधार घ्यावा, हें स्वाभाविक होतें. भाजींत पडणार्‍या चिमूटभर मसाल्यास भिण्याचें कारण नाहीं. परंतु वाटीभर दाट काढा दिवसांतून चार वेळां घेणें, किंवा पायपरीनच्या तयार गोळ्या आपल्याच मनानें घेणें, ही निराळी गोष्ट आहे. घरांत कोणी रोजचीं औषधें घेत असेल, तर असा काढा देण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, आणि देत असल्यास तें त्यांच्यापासून लपवूं नये. तान्हीं मुलें व गर्भवती स्त्रिया यांच्याविषयीं तर विशेष जपावें. क्षयाच्या रोग्यानें सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळणार्‍या गोळ्या सोडून पिंपळी चाटूं नये, आणि पिंपळी घेतों म्हणून गोळ्यांची मात्राहि आपण होऊन कमी करूं नये. दोनशें मिलिग्रॅमची ती योजना प्रयोगशाळेंत मोजून बसविलेली होती, अंदाजानें केलेली नव्हती. घरगुती औषध तें निरुपद्रवी, ही समजूत चूक आहे. ज्यांत गुण करण्याची शक्ति आहे त्यांत अवगुण करण्याचीहि शक्ति असते. दोहोंमध्यें उभी असते ती मात्रा.

मात्रेचें ज्ञान आणखी एका ठिकाणीं उपयोगी पडतें, तें म्हणजे बढाईची पारख करण्यांत. पायपरलाँग्युमीन हें द्रव्य निरोगी पेशींस धक्का न लावतां कर्करोगाच्या पेशी मारतें, असा निबंध २०११ सालीं ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याचा जगभर बोलबाला झाला. परंतु त्यांतील आकृत्यांविषयीं शंका निघाल्या आणि २०१८ सालीं तो निबंध मागें घेण्यांत आला. या द्रव्यावर इतर ठिकाणीं अभ्यास चालू आहे, आणि त्यांतून पुढेंमागें कांहीं निष्पन्न होईलहि. पण आज पिंपळीनें कर्करोग बरा होतो असें कोणी सांगूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. आमच्या विद्यार्थ्यांनीं या हकीकतीचे दोन अर्थ ध्यानांत घ्यावे. पहिला, मोठ्या नांवाखालीं छापलेलें सर्वच खरें नसतें. दुसरा, शास्त्राची थोरवी चूक न होण्यांत नसून झालेली चूक उघडपणें मागें घेण्यांत आहे. भ्रमणध्वनीवर रोज येणार्‍या आरोग्यसंदेशांस आपण हीच कसोटी लावली तर पुष्कळ घरांतील पैसा आणि क्वचित् एखादा जीवहि वांचेल.

आतां मळ्याकडे वळूं. शेतकरी पिंपरी विकतो ती वजनावर आणि रूपावर. लांबी किती, रंग कसा, दाणा भरला आहे कीं पोचट, हें पाहून भाव ठरतो. पुढें हाच माल औषधें करणार्‍या कारखान्यांत जातो, तेव्हां तेथें त्याची रसायनदृष्ट्या परीक्षा होते. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधकोशांत पिप्पलीसाठीं कचरा किती असावा, राख किती उरावी, मद्यार्कांत किती अंश उतरावा, यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. म्हणजे एकाच मालाचीं दोन मापें झालीं. घेणार्‍याजवळ दोन्ही आहेत, विकणार्‍याजवळ एकच आहे. यांत कोणी कोणास फसवितो असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्याच्या हातीं माप नाहीं त्यास दुसर्‍याच्या मापावर विश्वास टाकावा लागतो, हें उघड आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खर्‍या वजनांस इतकें महत्त्व दिलें आहे तें उगाच नव्हे. खरें वजन ही विकणार्‍याची व घेणार्‍याची, दोघांचीहि अब्रू राखणारी वस्तु आहे.

यावर सुज्ञ पालक दोन आक्षेप घेतील. पहिला असा कीं, नुसतें मापल्यानें भाव वाढत नाहीं. हें खरें आहे. केवळ पायपरीनच हवें असणारा कारखानदार तें काळ्या मिर्‍यांतून काढील. त्या शर्यतींत पिंपरी उतरूं शकणार नाहीं. शिवाय भावाची चढउतार, गारपीट, वेलावरील रोग, पाण्याची टंचाई व मजुरी हीं संकटें तराजूनें टळत नाहींत. परंतु ज्यास पिप्पलीच हवी आहे अशा वैद्यकाच्या बाजारांत शुद्ध, वेळेवर तोडलेला, नीट वाळविलेला आणि परीक्षा झालेला माल ओळखला जावा, एवढें तरी मापानें साधेल. पांच-पंचवीस शेतकर्‍यांनीं एकत्र येऊन आपल्या मालाचा नमुना तपासून घेतला, तर भावाची बोलणी करतांना त्यांच्या हातीं एक कागद असेल. आज त्यांच्या हातीं तेवढाहि नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, आमचीं मुलें शिकून पुण्या-मुंबईस जावींत अशी आमची इच्छा आहे. त्यांस पुन्हां पिंपरीच्या वेलाशीं कशाला बांधतां? आम्ही कोणासहि बांधीत नाहीं. मुलानें डॉक्टर व्हावें, अभियंता व्हावें, दूरदेशीं जावें. त्यास आमचा आशीर्वादच आहे. पण बापाचा धंदा म्हणजे अडाण्याचें काम, असा समज घेऊन त्यानें जाऊं नये. ज्या वेलीच्या एका द्रव्यावर जम्मूपासून बंगळूरपर्यंत विद्वानांनीं आयुष्यें वेंचलीं, ती वेल वाढविणारा मनुष्य अडाणी कसा? त्याच्या ज्ञानास मापाची जोड मिळावयाची आहे, इतकेंच. आणि ती जोड देण्यास त्याच्या घरांत शिकणार्‍या मुलाइतका लायक मनुष्य दुसरा कोण मिळणार? जो मुलगी वा मुलगा औषधनिर्माणशास्त्र शिकेल, त्यास तर ही वेल म्हणजे घरचेंच पुस्तक आहे.

तेव्हां काय करावें, याविषयीं आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. या पट्ट्यांतील प्रत्येक शाळेनें आपल्या बागेंत हादग्याच्या वा शेवरीच्या आधारानें पिंपरीची एक वेल लावावी. विद्यार्थ्यांनीं तिची वही ठेवावी: कलम केव्हां लाविलें, पहिलें फूल केव्हां दिसलें, तोडणी कोणत्या दिवशीं झाली, ओलें वजन किती भरलें, वाळल्यावर किती राहिलें. चार वर्षें अशी वही नीट लिहिली गेली, तर ती येथील शेतकर्‍यांच्याहि उपयोगीं पडेल. शास्त्राच्या तासाला शिक्षकांनीं वाळलेली पिंपरी मद्यार्कांत भिजवून तिचा पिवळसर अर्क मुलांस दाखवावा आणि ओर्स्टेडची हकीकत सांगावी. अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत नागार्जुन औषधी वनस्पति उद्यान आहे. वार्षिक सहलींपैकीं एक तेथें नेण्यास हरकत नसावी. घरीं मुलींनीं व मुलांनीं आजीजवळ बसून तिचीं चाटणें व काढे मापासकट लिहून घ्यावे. चिमूट म्हणजे किती, हें तिच्याच बोटांनीं उचलून तराजूंत घालून पाहावें. तिच्या ज्ञानाचा हा अपमान नसून तें पुढें टिकविण्याचा हाच मार्ग आहे. कारण आजीची चिमूट आजीबरोबर जाते, वहींतील गुंज मागें राहते.

पिंपरीच्या फुलास पाकळी नाहीं, म्हणून तें कोणी देवापुढें वाहत नाहीं कीं केसांत माळीत नाहीं. परमेश्वरानें तिच्या ठिकाणीं जो गुण ठेविला आहे तो जाणण्यास बुद्धि व धीर लागतो. ते दोन्ही गुण आमच्या विद्यार्थ्यांत आहेत, असा आमचा विश्वास आहे. पुढल्या वर्षीं वर्‍हाडच्या पिकांची यादी विचारली असतां त्यांनीं पानपिंपरीचें नांव घ्यावें, आणि गुरुजींनीं तिच्याविषयीं एखादा प्रश्न पुढें विचारला, तर स्वतःच्या वहींतील आंकडा सांगून उत्तर द्यावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.